खतावणीतील माणूस

पैसा आला की माणसाच्या अंगी माज येतो, हा आपल्या समाजातील अत्यंत जुना आणि तितकाच सोयीस्कर सिद्धान्त आहे. सोयीस्कर अशासाठी, की तो उच्चारताच ज्याच्यापाशी पैसा नाही त्याला आपण आपोआप सज्जन ठरलो असे वाटते, आणि ज्याच्यापाशी तो आहे त्याला ‘माझी गोष्ट निराळी’ असे म्हणून त्यातून अलगद निसटता येते. परंतु डहाणू आणि तलासरी या पालघर जिल्ह्यातील दोन तालुक्यांचा गेल्या शंभर वर्षांचा वृत्तान्त ज्याने थोडाफार वाचला असेल, त्याला हा सिद्धान्त फार अपुरा वाटेल. कारण तेथे संपत्तीने माणसांचे जे केले त्याचे वर्णन ‘माज’ या शब्दात मावत नाही, आणि त्याच मातीत, गंजाडसारख्या गावी, संपत्ती नव्हे तरी कीर्ती आणि तिच्या मागोमाग येणारा पैसा पाहूनही ज्याचे माणूसपण ढळले नाही असा एक पुरुष अगदी परवापरवापर्यंत राहत होता.

मुंबई इलाख्याच्या सरकारने आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक केली आणि त्याचा अहवाल 1939 साली तयार झाला. हा गृहस्थ कोणी चळवळ्या नव्हे. इंग्रजी अमदानीतील एक नोकर, ज्याचे लेखन दप्तरी पडून राहण्यासाठीच असते. तरी त्याने जे नोंदविले ते वाचताना आजही मन सुन्न होते. जंगलपट्टीतील कुळाला जमीनदाराने बोलावले की, काम संपेपर्यंत जितके दिवस लागतील तितके दिवस, स्वतःच्या शेतातले काम टाकून जावे लागे. मोबदला म्हणून फार झाला तर दिवसाला एक आणा, नाहीतर एका माणसाचे एक वेळचे पोट जेमतेम भरेल इतका तांदूळ. आणि नकार दिला किंवा नुसती चालढकल केली तरी मार ठरलेला. कुळाच्या घरातील स्त्रियांवरही जमीनदाराची सत्ता चालत असे, हेही त्या अहवालाने लपविले नाही. यालाच वेठ म्हणत. वेठीच्या जोडीला लग्नगडी होता, म्हणजे लग्नाच्या खर्चासाठी काही रुपये उसने घेऊन त्यांच्या फेडीसाठी सावकाराच्या घरी राबणारा गडी. हा गडी एकटा राबत नसे, नवी नवरीही त्याच्याबरोबर त्याच दारी राबे. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी काढायची आणि सुगीला ती दिढीने परत करायची, हा तिसरा फास. तिन्हींचा हिशेब एकाच्याच हातात, एकाच्याच अक्षरात, आणि ज्याच्या नावावर तो चढे त्याला ते अक्षर वाचता येत नसे.

आता प्रश्न असा, की हे जमीनदार-सावकार कोण होते? ते एका जातीचे किंवा एका धर्माचे नव्हते. त्यांत हिंदू होते, पारशी आणि इराणी होते, मुसलमानही होते. म्हणजे दयेविषयी ज्यांची शिकवण परस्परांहून अगदी भिन्न मार्गांनी आली होती अशी ही माणसे त्या एका खतावणीपाशी येऊन सारखीच वागू लागली. त्यांतील प्रत्येक जण जन्मतः क्रूर होता असे मानणे म्हणजे इतिहासाला कादंबरीचा खलनायक पुरविणे होय. मला तर वाटते, की त्यांतील बरेचसे आपापल्या मंडळींत सद्गृहस्थ म्हणून वावरत असणार, मुलांवर माया करीत असणार, सणासुदीला दानधर्म करीत असणार; आणि तेच खरे भयावह आहे. कारण मग असे म्हणावे लागते, की माणसाचा स्वभाव संपूर्णपणे बिघडावा लागत नाही; त्याच्या सहानुभूतीची हद्द तेवढी आखडली की पुरे होते, आणि हद्दीच्या अलीकडे तो पूर्वीसारखाच सज्जन राहू शकतो.

ही हद्द कोण आखते? माझे उत्तर असे आहे, की नुसती संपत्ती ती आखत नाही. कोठारात भात भरलेले आहे, तिजोरीत रोकड आहे, अंगावर चार दागिने आहेत, एवढ्याने माणूस दुसऱ्याला तुच्छ मानू लागतोच असे नाही. फार तर तो थोडा फुशारकीखोर होतो, आणि फुशारकी हा उपद्रवापेक्षा हास्याचाच विषय अधिक. परंतु ज्या क्षणी त्याच्या संपत्तीचे रूप दुसऱ्याच्या पोटावरील सत्तेचे होते, समोरच्याने उद्या जेवावे की न जेवावे हे आपल्या दारात ठरू लागते, त्या क्षणापासून त्याला त्या माणसाचे बोलणे ऐकून घेण्याची गरजच उरत नाही. आपल्या वागण्याचे कोणी मोल मागेल, कोणी उलटून बोलेल, कोणी सोडून जाईल, या साध्या भीतीने आपल्यातील पुष्कळसे सौजन्य जागे राहत असते. हे मान्य करणे आपल्या प्रतिष्ठेला रुचत नाही, पण ते खरे आहे. ती भीती संपली की सौजन्यही हळूहळू गळते, आणि ते गळाले हे ज्याचे गळाले त्याच्या ध्यानीही येत नाही.

एवढ्यावर हे थांबत नाही. ज्याच्याकडून आपण फुकट काम करून घेतो त्याला आपल्याइतकाच माणूस मानून रात्री स्वस्थ झोपणे कठीण असते. म्हणून मन मग त्याच्याविषयी एक चित्र रचते. तो आळशी आहे, तो दारूबाज आहे, त्याच्या हातात पैसा टिकत नाही, मारल्याशिवाय तो कामच करीत नाही. डहाणूच्या परिसरात वारली आदिवासींविषयी अशी वाक्ये किती पिढ्या बोलली गेली असतील याची गणती नाही, आणि खेदाची गोष्ट अशी, की वेठ संपली तरी ती वाक्ये मात्र संपली नाहीत. आज बुलेट ट्रेनसाठी आणि मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्गासाठी याच तालुक्यांतील जमिनी संपादित झाल्या असताना मोबदल्याची रक्कम आदिवासी कसा उधळील याची चिंता वाहणारे शहाणे लोक शहरात पुष्कळ भेटतात. भूखंडांच्या उलाढालीतून आलेला पैसा दुसरे कोणी कसा उधळतात याची चिंता वाहणारे मात्र क्वचितच आढळतात.

ही वेठ मोडली कशी, तेही पाहावे. 1945 च्या 23 मे रोजी त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची मोठी परिषद भरली. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य तिच्या उभारणीत होते. गोदावरीबाई पुण्याच्या एका नामवंत वकिलाच्या कन्या, स्वतः कायद्याच्या पदवीधर, सुखवस्तू घरात वाढलेल्या. अर्थात् ज्यांना श्रीमंती आणि स्वभाव यांचा संबंध अटळ वाटतो त्यांनी या नावापाशी क्षणभर थांबावे. झरीच्या परिषदेत ठरले ते अगदी साधे होते. रोख बारा आणे मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या खासगी शेतावर राबायचे नाही, वेठ करायची नाही, मार निमूट सोसायचा नाही, आणि सर्वांनी एकत्र राहायचे. त्यानंतर पाड्यापाड्यांतून लग्नगडी सोडविण्यात आले. ऑक्टोबरात गवतकापणीच्या दरासाठी संप झाला, आणि 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे सहकारी, असे पाच जण त्यात ठार झाले. गोदावरीबाईंनी ही सर्व हकिकत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहिली. 1972 साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी वाचक तो ग्रंथ वारल्यांच्या जागृतीची कथा म्हणून वाचतात. माझी विनंती आहे, की तो एकदा जमीनदारांच्या बाजूनेही वाचावा, म्हणजे असे दिसेल, की ज्यांचे हृदयपरिवर्तन करण्यात साधुसंतांना आणि सरकारी अहवालांना यश आले नव्हते त्यांचे वर्तन, समोरचा माणूस ‘नाही’ म्हणू लागताच, काही महिन्यांत बदलले. अंतःकरण बदलले की नाही, ते कोणी सांगावे? हात आवरला गेला, एवढे खरे.

परदेशातही हा विषय आता प्रयोगशाळेत गेला आहे. कॅलिफोर्नियातील पॉल पिफ आणि त्यांचे सहकारी यांनी 2012 साली असे दाखविले, की महागड्या मोटारींचे चालक रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला वाट देण्यास अधिक टाळाटाळ करतात. पुढे इतर संशोधकांना अशा प्रकारचे निष्कर्ष तितके ठामपणे हाती लागले नाहीत. मला याचे नवल वाटत नाही. मोटारीची किंमत मोजून स्वभाव मोजता येत नाही. पादचाऱ्याला उलट बोलण्याची सोय किती होती, हेही मोजावे लागेल.

आपल्याकडे तुकोबांविषयीची परंपरा या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते. देहूच्या या महाजनाच्या घरी सावकारी होती; भावाचा हिस्सा त्याच्या हवाली करून आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली असे सांगतात. आपण या कथेचे वैराग्याची कथा म्हणून कौतुक करतो. परंतु तुकोबांनी काय बुडविले ते पाहावे. त्यांनी सोने बुडविले नाही, धान्य बुडविले नाही. दुसऱ्यांची नावे ज्यांवर लिहिलेली होती ते कागद बुडविले. नेमका रोग कोठे आहे हे त्या सावकाराच्या मुलाला कळले होते.

आणि म्हणूनच गंजाडच्या कळंबीपाड्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्याकडे मी पाहतो तेव्हा त्यांच्या साधेपणाची भोळी स्तुती करण्याचा मोह मला आवरावासा वाटतो. तलासरी तालुक्यात 1934 साली जन्मलेले, लहानपणी आई गमावल्यावर वर्षानुवर्षे न बोलता धुळीत चित्रे काढून मनातले सांगणारे हे मूल पुढे, लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींच्या हातातील कला भिंतीवरून कागदावर घेऊन आले. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी त्यांना ओळखले, 1975 साली मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांची चित्रे लागली, 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2011 साली पद्मश्री. फ्रान्स आणि जर्मनीपर्यंत चित्रे गेली. माणूस मात्र गंजाडलाच राहिला आणि 15 मे 2018 रोजी वारला. आदिवासी असल्यामुळे ते निर्लोभ होते असे म्हणणे म्हणजे ‘आळशी वारली’ या जुन्या चित्रावर ‘भोळा वारली’ असे नवे चित्र चिकटविणे होय, आणि दोन्ही चित्रे रंगविणारा हात शहरी आहे. मला जे महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की त्यांच्या नावलौकिकातून कोणाच्या पोटावर त्यांची सत्ता निर्माण झाली नाही. त्यांच्या हाती कुंचला होता, हिशेबाची वही नव्हती.

वही आजही आहे, फक्त ती निराळ्या हातात आहे. भातकापणी उरकली आणि दिवाळी सरली, की डहाणू, जव्हार, विक्रमगड, मोखाडा या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे वसई, भिवंडी आणि कल्याणच्या वीटभट्ट्यांकडे निघतात. पुष्कळांनी पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, आणि ती फिटली की नाही हे भट्टी बंद होण्याच्या वेळी मालकाच्या मुनिमाने सांगायचे असते. ज्यांच्या इमारतींना या विटा लागतात ते आपण सुशिक्षित लोक या व्यवहारापासून इतके दूर असतो, की आपल्याला मारझोड करावी लागत नाही, तोंडातून अपशब्द काढावा लागत नाही, आणि म्हणून आपण आपल्याला निर्दोष समजू शकतो. अंतर वाढविणे हीच आजच्या संपत्तीची विशेष कला आहे.

तेव्हा श्रीमंतांना सौजन्याचे पाठ देत बसण्यापेक्षा त्या वहीकडे लक्ष द्यावे, अशी या लेखाच्या वाचकांना विनंती आहे. वेठबिगार पद्धती नष्ट करणारा 1976 चा कायदा अजून जारी आहे. त्यान्वये माणसाला वेठीस बांधणारे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपुष्टात येते, ते संपल्यावरही वसुली स्वीकारणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरतो, आणि प्रत्येक जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समिती असणे बंधनकारक आहे. आपल्या ओळखीच्या भट्टीवर किंवा वाडीवर कोणी उचलीपायी अडकून पडलेला दिसला, तर प्रांत कचेरीत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच मागून घ्यावी.