‘वीजबिल आम्ही कमी करतो, पैसे बचतीतून द्या’ : या कराराची मेख नेमकी कुठे असते?

‘तुम्ही एक रुपयाही घालू नका. नवे एसी, दिवे, पंप आम्ही बसवतो. बिलात जे वाचेल, त्यातून आमचे पैसे घेतो.’

रुग्णालयं, मॉल, हॉटेलं, कॉलेजं यांच्या मालकांना अशी ऑफर देणाऱ्या कंपन्यांना ‘एस्को’ म्हणतात, म्हणजे एनर्जी सर्व्हिस कंपनी. ऐकून शंका येते, पण पद्धत खरी आहे. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, अशा कंपन्यांची यादीही ठेवते.

करार मुख्यतः दोन प्रकारचे. एकात गुंतवणूक कंपनीची आणि बचतीत दोघांचा वाटा. दुसऱ्यात पैसे मालकाचे, पण बचतीची हमी कंपनीची. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगने दुसरा मार्ग धरला. तिथल्या सुमारे साडेसहा हजार खिडक्या काढून, इमारतीतच दुरुस्त करून पुन्हा बसवल्या. बचत कमी पडली तर फरक जॉन्सन कंट्रोल्स या कंपनीने भरायचा होता. पहिल्या वर्षी हमीपेक्षा ५ टक्के जास्त बचत झाल्याचं २०१२ मध्ये जाहीर झालं.

मग भांडणं कुठे होतात? ‘वाचलं किती’ यावर. न वापरलेली वीज कुठल्याच मीटरवर दिसत नाही. ती आधीच्या वापराशी तुलना करूनच काढावी लागते. या आधीच्या आकड्याला बेसलाइन म्हणतात.

समजा, तुमची इमारत वर्षाला ५ लाख युनिट वापरते. १२ रुपये दराने बिल ६० लाख. कंपनी म्हणते, २० टक्के वाचवू, म्हणजे १ लाख युनिट, १२ लाख रुपये. काम झालं, आणि त्याच वर्षी तुम्ही रिकामे दोन मजले भाड्याने दिले. बिल ६२ लाखांवर गेलं. तुम्ही म्हणता बचत झालीच नाही, कंपनी म्हणते आम्ही नसतो तर बिल ७४ लाख आलं असतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर!

उलटंही होतं. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. ऐन उकाड्यात पाऊस आला की एसी कमी चालतात. ही बचत ढगांची, पण करार ढिसाळ असेल तर तिचाही वाटा कंपनीला जातो. म्हणून हवामान, भाडेकरू, कामाचे तास बदलले तर बेसलाइन कशी बदलायची, याचं सूत्र सही करण्याआधीच लिहून घ्यायला हवं. मागचं एकच नाही, किमान दोन-तीन वर्षांची बिलं काढा.

विजेच्या दराचाही मुद्दा आहे. दर वीज नियामक आयोग ठरवतो. तो १२ वरून १४ झाला, तर त्याच १ लाख युनिटची बचत १४ लाखांची दिसते. त्यामुळे बचत युनिटमध्ये मोजावी आणि हिशेबाचा दर करारात ठरवावा.

धोका फक्त मालकाला असतो असंही नाही. ईईएसएल या सरकारी क्षेत्रातल्या कंपनीने २०१५ पासून देशभर रस्त्यांवर एलईडी दिवे बसवले. गुंतवणूक तिची, परतफेड हप्त्यांनी. पण अनेक स्थानिक संस्थांनी पैसे थकवले. हा अनुभव पाहता, बचतीचा हिस्सा वेगळ्या एस्क्रो खात्यात जमा करण्याची अट कंपनीने घातली, तर मालकाने नाक मुरडण्याचं कारण नाही.

मोजणी मात्र कंपनीवर सोडू नये. बीईईची परीक्षा उत्तीर्ण झालेले प्रमाणित एनर्जी ऑडिटर असतात, त्यांच्यापैकी एक स्वतः नेमा आणि त्याची फी स्वतः द्या. शिवाय, करार संपल्यावर यंत्रं कुणाची आणि मधल्या काळात चिलर बंद पडला तर दुरुस्ती कुणी करायची, ही दोन कलमं बहुतेक जण शेवटी वाचतात. ती आधी वाचा.