जुनी फोर बाय फोर: बदलाआधी देखभाल

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या खासगी मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क पाच हजारांवरून दहा हजार रुपये केले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील जुन्या गाड्यांच्या मालकांवर केवळ वयाच्या कारणाने कारवाई करू नये, असे सांगितले. डिसेंबरमध्ये हे संरक्षण भारत स्टेज चार आणि त्यानंतरच्या मानकांच्या गाड्यांपुरते ठेवण्यात आले. गाडीचे वय मोजायचे की तिची अवस्था, हा वाद अजून मिटलेला नाही.

या वादात एक छोटा पण हौशी वर्ग सापडला आहे. मारुती जिप्सी, महिंद्राच्या जुन्या जीप, पहिल्या पिढीतील थार, पजेरो अशा गाड्या जपणारा हा वर्ग पावसाळ्यात सह्याद्रीच्या चिखलवाटांवर हमखास दिसतो. १९८५ मध्ये आलेली जिप्सी वजनाला हलकी, यंत्रणेने सोपी आणि कुठल्याही गावच्या मेकॅनिकला उलगडणारी. म्हणूनच अशा गाड्यांवर प्रयोगही सर्वाधिक होतात. गाडी उंच केली जाते, मोठे टायर बसतात, पुढे लोखंडी बंपर आणि वर सामानाची जाळी चढते. या प्रत्येक बदलाची किंमत भौतिकशास्त्र वसूल करते आणि अनेकदा ती गाडीतल्या व रस्त्यावरच्या माणसांच्या शरीराला मोजावी लागते.

उंचीचा हिशेब

गाडी उलटण्याची शक्यता ढोबळमानाने एका गुणोत्तरावरून समजते. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा यंत्रणा हेच गुणोत्तर वापरते. साध्या मोटारींसाठी ते साधारण १.३ ते १.५ असते, उंच एसयूव्हींसाठी १.० ते १.३. समजा, एखाद्या अरुंद जुन्या गाडीच्या चाकांमधील अंतर १३०० मिमी आणि गुरुत्वमध्य ६२० मिमी उंचीवर आहे. गुणोत्तर येते १.०५. आता पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी दोन इंच उचलली आणि २८ इंचांऐवजी ३१ इंचांचे टायर लावले, तर गुरुत्वमध्य सुमारे ७५ ते ८० मिमी वर जातो आणि गुणोत्तर ०.९३ च्या आसपास घसरते. छपरावर स्टेपनी, पाण्याचे कॅन आणि तंबू चढवले की ते आणखी खाली येते. चिखलात ताशी दहा किलोमीटरने जाताना हा फरक जाणवत नाही. घाटातल्या वळणावर अचानक कुत्रे आडवे आले आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवावे लागले की जाणवतो.

मोठ्या टायरचा दुसरा परिणाम ब्रेकवर होतो. चाकाची त्रिज्या वाढली, पण ड्रम आणि डिस्क तेवढ्याच राहिल्या, तर तेवढ्याच दाबाला मिळणारे थांबवण्याचे बल सुमारे एक दशांशाने कमी होते. स्पीडोमीटरही फसवतो. काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८८ च्या पुढे असते. म्हणजे वेग जास्त, ब्रेक कमी आणि तोलही कमी, अशी तीन संकटे एकाच खरेदीतून येतात.

जुनेपण कुठे लपते

यापेक्षा मोठा धोका न दिसणाऱ्या भागांत असतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ३ दर्जाचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरल्यावर मात्र ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून तापलेल्या गाडीत हे ऑइल उकळले, तर पाइपात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल जमिनीला टेकते. दोन वर्षांतून एकदा ऑइल बदलण्याचा खर्च एका टायरच्याही निम्मा नसतो. तरीही जुन्या गाडीवर लाखभराचे सामान चढवणारा मालक ते बदलल्याची तारीख सांगू शकत नाही, हे चित्र नेहमीचे आहे.

ओढा ओलांडताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवेची नळी छपरापर्यंत नेतात. कारण साधे आहे. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पण ही नळी डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि चाकांच्या बेअरिंगचे रक्षण करत नाही. तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावते आणि जीर्ण ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधाळ दिसू लागले, तर ते त्याच आठवड्यात काढायला हवे. ड्रम ब्रेक ओले झाले की पकड सुटते, म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबून ते सुकवायचे असतात.

पेट्रोलच्या जुन्या गाड्यांपुढे २० टक्के इथेनॉलचा प्रश्नही आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे या मिश्रणात प्रतिलिटर ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केट इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात. कार्बोरेटरच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर नसल्याने हवा-इंधनाचे प्रमाण आपोआप जुळत नाही. हौसेची गाडी महिनोन्महिने उभी असते, टाकीत ओल साठते आणि गंज धरतो. इंजिनाच्या कप्प्यात तडकलेली इंधन नळी म्हणजे आगीला आमंत्रण. नळ्या बदलणे हे इथे पहिले काम ठरते.

शरीराला काय सोसावे लागते

पाट्यांवर चालणारी गाडी कडक करून मोठा भार पेलण्याजोगी केली की हादरे थेट आसनापर्यंत येतात. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असतो आणि खडबडीत वाटेवरची कंपने याच पट्ट्याच्या आसपास येतात. ट्रॅक्टरचालकांच्या कंबरदुखीत हेच कारण असते. झिजलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि दबलेला फोम बदलणे हा म्हणूनच आरोग्याचा खर्च आहे.

दुसरी बाब धुराची. गळका सायलेन्सर आणि फाटलेला कॅनव्हास असलेल्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. हा वायू रंगहीन, गंधहीन असून ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी हिमोग्लोबिनला चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे ही लक्षणे घाट लागल्याची समजून दुर्लक्षिली जातात. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. ताकद वाढवण्यासाठी ईजीआर बंद करणे किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे म्हणजे हा धूर मागच्यांच्या फुप्फुसात ढकलणे होय. गॅरेजमधल्या पोरांचाही विचार हवा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची भुकटी हवेच्या झोताने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसली पाहिजे.

कायदा आणि त्यातली पोकळी

निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेपासून दूर नेणारे बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केले. लोखंडी बुल बारवर कारवाई करण्याची सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिली होती. धडकेत हे बार चुरगळून ऊर्जा शोषत नाहीत. ती ऊर्जा पादचाऱ्याच्या मांडीच्या हाडाला आणि गाडीतल्या माणसांच्या मानेला मिळते.

कायदा कडक आहे, पण तपासणी तोकडी. पीयूसी चाचणीत पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन व डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा पाहिला जातो. नायट्रोजनची ऑक्साइड मोजलीच जात नाहीत. त्यामुळे ईजीआर बंद केलेली गाडीही पीयूसी घेऊन जाऊ शकते. खासगी गाडीच्या ब्रेकची तपासणी पहिली पंधरा वर्षे सक्तीने होत नाही. जर्मनीत टायरचा आकार किंवा सस्पेन्शन बदलले, तर मान्यताप्राप्त तपासनीस गाडी पाहतो आणि बदल कागदपत्रांत नोंदवतो. आपल्याकडे असा मार्ग सामान्य मालकाला जवळपास उपलब्ध नाही. परिणामी सुरक्षित बदल आणि जीवघेणा बदल दोन्ही सारखेच चोरून होतात आणि अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते. शुल्क दुप्पट केल्याने ही पोकळी भरत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, चासीचा गंज आणि खरे उत्सर्जन यांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली, तर चांगली राखलेली वीस वर्षांची जिप्सी रस्त्यावर राहू शकेल आणि आठ वर्षांची मोडकी गाडी थांबेल.

तोवर मालकाच्या हाती क्रम ठरवणे आहे. आधी ब्रेक, नळ्या, ऑइल सील, बुश आणि बॉल जॉइंट. मग मूळ मापाचेच, पण चिखलाच्या नक्षीचे नवे टायर. वाळूत किंवा चिखलात त्यातली हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली, तर जमिनीवरचा ठसा लांबतो आणि मोठ्या टायरची गरज बऱ्याच अंशी संपते. डांबरावर येताना हवा पुन्हा भरणे मात्र अनिवार्य, नाहीतर टायर तापून फुटतो. जुन्या गाड्यांची फोर बाय फोर यंत्रणाही डांबरावर बंदच ठेवावी. पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगळा वेग मिळत नसल्याने तिचा पीळ गिअरबॉक्सवर येतो. आणि समुद्रकिनारा, देवराई, सड्यावरची फुलांची पठारे ही गाडीची परीक्षा घेण्याच्या जागा नव्हेत. तिथल्या मातीच्या पातळ थरावर उमटलेली चाकोरी पुढचे अनेक पावसाळे बुजत नाही.