भीतीची इंग्रजी



आपल्या गोंदियातला बिडी कामगार असो की राईस मिलमधला हमाल, मुलामुलींनी इंग्रजी शिकावी असे आज प्रत्येक घराला वाटते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मुळात इंग्रजीतच लिहिला. तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. तो मुळातून वाचता यावा, एवढ्यासाठीही ही भाषा शिकण्यासारखी आहे. पण मुले इंग्रजीलाच भितात. म्हणून आज आम्ही भीतीचेच शब्द घेतले आहेत.

भीतीच्या पायऱ्या असतात. बोर्डाच्या पेपराआधी छाती धडधडते, तेव्हा मूल ‘नर्व्हस’ असते. धान कापून बांधीत पडले आणि आभाळ भरून आले, की घरधनी ‘वरीड’ होतो. अंधारात कुत्रे अंगावर आले की आपण ‘स्केअर्ड’. मोहफुले वेचायला गेलेल्या बाईसमोर अस्वल उभे राहिले, तर ती ‘टेरिफाइड’. गर्दीत कुणी ओरडले आणि सगळे वाट फुटेल तिकडे पळाले, तर तो ‘पॅनिक’. ‘अफ्रेड’ हा शब्द मात्र बहुतेक सगळीकडे चालतो.

यात दोन चुका नेहमी होतात. मुले ‘अफ्रेड फ्रॉम डॉग्ज’ म्हणतात. बरोबर आहे ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’. दुसरी चूक गमतीची आहे. ‘आय ॲम स्केअरी’ म्हटले, तर ‘मला पाहून लोक घाबरतात’ असा अर्थ होतो! म्हणायचे असते ‘आय ॲम स्केअर्ड’.

आपल्या पोटात गोळा येतो, इंग्रजांच्या पोटात फुलपाखरे फडफडतात. आपल्या अंगावर काटा येतो, त्यांची कातडी पिसे उपटलेल्या हंसासारखी होते. ‘कोल्ड फीट’ म्हणजे ठरवलेल्या कामात ऐनवेळी कच खाणे. आणि कचेरीतला बाबू ‘आय ॲम अफ्रेड, इट इज टू लेट’ म्हणाला, तर तो भ्यालेला नसतो. ‘माफ करा, उशीर झाला’ एवढेच तो नम्रपणे सांगत असतो. अशा वेळी फॉर्म घेऊन मुकाट घरी येऊ नका, पुढचा मार्ग विचारा.

आता एक शब्द नीट पाठ करा: ‘इंटिमिडेट’, म्हणजे धाक घालणे. वरची भीती आपल्या मनात उठते. ही दुसरा माणूस मुद्दाम घालतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात हा शब्द आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत अपमानित करण्यासाठी इतरांपैकी कुणी धाक घातला, तर तो गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५१ धमकावण्याच्या गुन्ह्याचे आहे. म्हणून ठाण्यात गेल्यावर ‘साहेब, भीती वाटते’ एवढ्यावर थांबू नका. कुणी, कधी, कोणत्या शब्दांत, कुणादेखत धमकावले ते सांगा आणि लिहून घ्यायला लावा. भीती ही भावना आहे, धमकावणे हे कृत्य आहे. गुन्हा कृत्याचा नोंदला जातो.

भीतीला नाव देण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात तथागतांनी आपल्या बोधिप्राप्तीपूर्वीचा अनुभव सांगितला आहे. ते रात्री अरण्यात राहत. एखादे जनावर येई, मोर काटकी पाडी, वारा पाला हलवी. तेव्हा त्यांच्या ध्यानात येई, की हेच ते भय येत आहे. चालत असले तर चालता चालताच, बसले असले तर बसल्या जागीच ते त्या भयाला जिंकत. आधी ओळखले, मग जिंकले.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर प्रत्येक मुलाने ‘आय ॲम अफ्रेड ऑफ...’ हे वाक्य पूर्ण करावे. कुणी हसायचे नाही. आणि मोठ्यांनीही एकेक वाक्य सांगावे.