कोल्वेझीच्या खाणी आणि विजेची मोटार

विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींच्या बॅटऱ्यांत कोबाल्ट लागते. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टचा सुमारे पाऊण हिस्सा एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो, आणि तोही बहुतांशी त्या देशाच्या दक्षिणेकडील कोल्वेझी-लिकासीच्या पट्ट्यातून. तेथे परदेशी कंपन्यांच्या यांत्रिक खाणी आहेत, आणि त्यांच्या कुंपणालगत, कधी कुंपणाच्या आत शिरून, पहार व फावड्याने विवरे खोदणारी हजारो माणसेही आहेत. १९९०च्या दशकात सरकारी खाण कंपनी डबघाईस आली, पगार थकले, तेव्हापासून या हातखोदाईवर कुटुंबे जगू लागली. दक्षिण काँगोच्या खाणींवर सुमारे ४०,००० मुले राबत असल्याचा अंदाज ‘युनिसेफ’ने २०१४ साली दिला होता. जून २०१९ मध्ये कोल्वेझीजवळच्या एका मोठ्या खाणीत दरड कोसळून किमान ४३ खोदकरी गाडले गेले. यावर सरकारने उपाय योजला तो खोदकऱ्यांना हुसकावण्यासाठी लष्कर पाठविण्याचा!

खोदलेली माती पोत्यांत भरून कोल्वेझीबाहेरच्या मुसोंपोच्या बाजारात जाते. तेथे व्यापारी आपल्याजवळच्या यंत्राने धातूचे प्रमाण ठरवितो आणि त्यावर भाव देतो. यंत्र त्याचे, आकडा त्याचा; खोदकऱ्याजवळ तो पडताळण्याचे साधन नाही. सोयाबीनच्या पोत्यात ओलावा मोजणारे यंत्र खुपसले जात असताना मुकाट्याने उभा राहणारा मराठवाड्यातील शेतकरी हा व्यवहार सहज ओळखील.

मोटारीसाठी काँगो लुटला जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. हवा भरलेले टायर आले, रबराला मागणी आली, आणि १८८५ ते १९०८ या काळात काँगोला आपली खाजगी जहागीर मानणाऱ्या बेल्जमच्या लिओपोल्ड राजाच्या अंमलात रबराचा भरणा न करणाऱ्या गावांतील माणसांचे हात तोडले गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या युनियन मिनिएर कंपनीने पुढे कटांगाचे तांबे उपसले. ३० जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला आणि अकरा दिवसांत कटांगा फुटून निघाला. त्या फुटीर सरकारची तिजोरी भरणारी कंपनी हीच. पॅट्रिस लुमुंबा यांचा खून १७ जानेवारी १९६१ रोजी झाला, तोही कटांगातच.

आजची लूट हात तोडत नाही. ती जबाबदारीचे तुकडे करते. मुसोंपोचा माल शुद्धीकरणासाठी मुख्यतः चीनमध्ये जातो. तेथे यांत्रिक खाणीचे व हातखोदाईचे कोबाल्ट एकत्र वितळते, आणि मग कोणता कण कोणाच्या विवरातला हे कोणालाच सांगता येत नाही. जखमी व मृत मुलांच्या कुटुंबांनी डिसेंबर २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात ॲपल, टेस्ला आदी पाच कंपन्यांवर दावा लावला. मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. जागतिक साखळीतून माल विकत घेणे म्हणजे त्या धंद्यात भागीदार होणे नव्हे, असा त्याचा अर्थ. खरेदीदारांवर पुरवठ्याची चौकशी बंधनकारक करणारे युरोपीय संघाचे बॅटरीविषयक कलम २०२५ मध्ये लागू व्हावयाचे होते. ते २०२७ पर्यंत पुढे ढकलण्यात आले.

तेलाच्या धंद्यातील मंडळींना या मुलांविषयी अलीकडे जो कळवळा आला आहे, त्याच्याकडे फार लक्ष देण्याचे कारण नाही. परंतु कोबाल्टवर बहिष्कार हा भाबडेपणाचा मार्गही टिकणारा नाही. खरेदी थांबली तर पहिली उपासमार खोदकऱ्याच्या घरी होईल. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट लागत नाही, आणि पुण्याजवळ रांजणगावात तयार होणाऱ्या नेक्सॉन या विजेच्या गाडीत तीच बॅटरी बसते. ही गोष्ट चांगली. पण तिने कोल्वेझीचा प्रश्न सुटत नाही, फक्त नजरेआड होतो. मागणी हवी ती हातखोदाईला कायदेशीर जागा व सुरक्षित विवरे मिळण्याची. कोल्वेझीजवळ मुतोशी येथे २०१८ पासून कुंपण घालून, विवरांची खोली मर्यादित ठेवून असा प्रयोग चालला होता. २०२० मध्ये साथीचे निमित्त झाले आणि तो बंद पडला. कागदावर खोदकऱ्यांच्या सहकारी संस्था आहेत, पण अनेक ठिकाणी त्या पुढारी व लष्करी अधिकाऱ्यांच्या मुठीत आहेत. सहकाराच्या पाटीमागे काय चालू शकते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको.

काँगो सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबाल्टची निर्यात रोखली आणि ऑक्टोबरपासून कोटा लावला. भाव चढले. चढलेल्या भावातील किती अंश विवराच्या तळाशी पोचतो, हा प्रश्न तेथील कामगार संघटनांनी विचारावयाचा आहे, आणि येथील संघटनांनीही. भारत सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात कोबाल्टची भुकटी व टाकाऊ कोबाल्ट यांवरील आयातशुल्क माफ केले. सवलत देताना माल कोणत्या खाणीचा, कोणी खोदला, किती मजुरीवर, याची एक ओळही मागितली नाही. ती ओळ आयातीच्या कागदांत घालावयास लावणे पिंपरी-चाकणच्या मोटार कामगारांच्या संघटनांना अशक्य नाही. त्यांच्या मागणीपत्रात ठेकेदारीविरुद्धचे कलम असतेच, त्याच्या शेजारी हेही बसते.