तारेवरचीं पत्रें

जुन्या घरांत खुंटीला एक लोखंडी तार टांगलेली असे आणि वाचून झालेलें प्रत्येक पत्र तींत ओंवून ठेवीत. मृत्यूची वार्ता आणणारें कार्ड मात्र वाचतांच फाडून टाकीत. तें तारेवर चढत नसे. अशा तारा आतां माळ्यावरून खालीं येऊं लागल्या आहेत, आणि त्या पत्रांचें काय करावयाचें असा प्रश्न घरोघरीं पडत आहे.

मजकूर संगणकावर उतरवून घ्यावा आणि जीर्ण कागद रद्दींत द्यावा, असें कांहीं मंडळी सुचवितात. आम्हांस हें मुळींच मान्य नाहीं. ‘तीर्थरूप’ आणि ‘शि. सा. न. वि. वि.’ यंत्रावरही उमटेल. परंतु कार्डावर जागा संपल्यामुळें समासांत उभा, दाटीनें लिहिलेला ‘बाळाचा खोकला बरा आहे, काळजी नसावी’ हा मजकूर इतर ओळींच्या रांगेंत बसविला, कीं त्यांतील आईची घाई नाहींशी झाली. यास्तव पत्राचें छायाचित्रच घ्यावें. खिडकीजवळच्या उजेडांत, फ्लॅश न लावतां, पाठपोट घ्यावें. टपालाच्या शिक्क्यावरील तारीख वगळूं नये. व्हॉट्सॲपवरून पाठविणें झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावें, नाहींतर चित्राचा बारकावा कमी होतो. मूळ कागदास लॅमिनेशन करूं नये. तें पुढें सुखरूप निघत नाहीं.

पणजोबांचीं पत्रें बहुधा मोडींत असतील. २०१४ सालीं युनिकोडमध्यें मोडीस स्थान मिळालें खरें. पण तेवढ्यानें यंत्रास पणजोबांचें हस्ताक्षर वाचतां येऊं लागलें असें नव्हे. घरांत मोडी जाणणारें कोणी वडील माणूस असेल, तर त्यांजकडून तीं पत्रें मोठ्यानें वाचवून घ्यावींत व तें वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करावें. पत्रांतील ‘सौ. वहिनी’ म्हणजे नेमक्या कोण, हेंही त्यांनाच ठाऊक असतें. हें काम दिवाळीच्या सुट्टीवर ढकलूं नये.

आतां एक नाजूक गोष्ट. सासरीं गेलेल्या मुलीनें आईस लिहिलेलें पत्र कुटुंबाच्या समूहावर सर्वांसमोर ठेवावें काय? तें तिनें एकट्या आईस लिहिलें होतें. दिरांस, भाच्यांस नव्हे. ती हयात असेल तर तिला विचारावें, नसेल तर तिच्या मुलांस. त्यांनीं नको म्हटल्यास छायाचित्र आणि कागद दोन्ही त्यांच्या स्वाधीन करावींत. त्यावरून घरांत कुरबुर झालीच, तर ती खुशाल होऊं द्यावी.