एका स्क्रूच्या कामाला मदरबोर्डचे बिल?



ऐन परीक्षेच्या तोंडावर माझ्या मुलीच्या लॅपटॉपचे वायफाय गेले. आधी दर पाच मिनिटांनी तुटायचे, मग एके दिवशी चिन्हच नाहीसे झाले. घरातले मोबाइल त्याच राउटरवर सुरळीत चालू होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरने लॅपटॉप न उघडताच ‘मदरबोर्ड बदलावा लागेल’ म्हणत अठरा हजारांचा आकडा सांगितला.

तोच लॅपटॉप पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर उघडला. त्याने आधी बॅटरीची पिन काढली. बिघडलेले वायरलेस कार्ड 22 बाय 30 मिलिमीटरचे, जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढे. ते एका स्क्रूवर बसलेले, आणि त्यावर अँटेनाच्या दोन तारा, एक काळी, एक पांढरी. कुठली तार कुठे होती, याचा त्याने फोटो काढला आणि तारांच्या टोकांच्या इवल्याशा टोप्या नखाने अलगद उचलल्या. ‘‘ताई, या वाकड्या दाबल्या की गेल्या. इथे घाई करायची नाही.’’ नवे कार्ड खाचेत तिरके सरकवून त्याने स्क्रू आवळला. वीस मिनिटांत काम झाले, मजुरीसकट बावीसशे रुपयांत.

आमचे नशीब, की कार्ड सुटे होते. आता अनेक पातळ लॅपटॉपमध्ये वायफायची चिप थेट मदरबोर्डवरच डाख देऊन बसवतात. ती गेली, की एकतर मदरबोर्ड बदला, नाहीतर बाहेरून डोंगल लटकवा. काही जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, तर मान्य कार्डांची यादीच घातलेली असे. यादीबाहेरचे कार्ड लावले, की लॅपटॉप सुरूच होत नसे. रेडिओ लहरींच्या नियमांसाठी हे करावे लागते, असा बचाव केला जातो. पण ती काळजी खरी असेल, तर मान्यताप्राप्त कार्डांची यादी उघड करा आणि ती कार्डे बाजारात मिळू द्या. ग्राहकाचे यंत्र अडवून ठेवणे हा काही त्यावरचा उपाय नाही.

केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले. ते चांगलेच झाले, पण दुकानात लॅपटॉप निवडताना ग्राहकाच्या हाती त्यातले काय येते? फ्रान्समध्ये 2021 पासून लॅपटॉपवर दुरुस्ती-सुलभतेचे दहापैकी गुण दाखवणे बंधनकारक झाले. प्रोसेसर आणि मेमरी आपल्याकडेही खोक्यावर ठळक छापतात. त्याच खोक्यावर वायफाय कार्ड, बॅटरी आणि मेमरी सुटी आहे की डाख दिलेली, हेही छापण्याची सक्ती करा. आणि झाकण उघडून तपासल्याशिवाय मदरबोर्ड बदलायला सांगणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडून बिघाडाचा लेखी अहवाल मागण्याचा हक्क ग्राहकाला द्या. आम्हाला तोंडी आकडा मिळाला होता. कागद मागितला, तेव्हा ‘तशी पद्धत नाही’ एवढेच उत्तर आले.

– एक पालक, पुणे