नाग नदीचे पाणी अंभोऱ्याला

या दिवाळी अंकाची मुद्रिते तपासायला घेतली त्याच आठवड्यात नागपुरातल्या अशोक चौकाजवळच्या पुलाखालून नाग नदीचे पाणी लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत भरून आणले आणि संपादकीय टेबलावर ठेवले. पाणी राखाडी होते. साबणाचा आणि गटाराचा मिसळलेला वास येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर वरचे चार बोटे पाणी बऱ्यापैकी नितळले होते आणि खाली बोटभर गाळ बसला होता. मांडणी करणारा आमचा तरुण सहकारी म्हणाला, "एका रात्रीत साफ झालं की!" चौथ्या दिवशी तो गाळ डांबरासारखा काळा पडला. झाकण उघडताच सडक्या अंड्यांची घाण सुटली. बरणी उचलताना जरा हिंदकळली, आणि वरचे नितळ पाणी क्षणात पुन्हा होते तसे झाले.

यंदाचा अंक पाण्यावर का काढला, असे लेखकांनीही विचारले. ती बरणी दाखवली असती तर पुरे झाले असते.

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खोटे नव्हते. नदीत पडलेली घाण जीवाणू खातात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. खळाळत्या पाण्यात हवा मिसळत राहते, म्हणून खर्च झालेला प्राणवायू भरून निघतो. पण हा हिशेब फार बेताचा असतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत एक लिटर पाण्यात जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि मासे नीट जगायचे तर निदान चार तरी लागतो. उलट शहराच्या एक लिटर मैलापाण्यातली घाण पचवायला जीवाणूंना साधारण दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम प्राणवायू हवा असतो. एक लिटर मैला शुद्ध करायला किती लिटर स्वच्छ नदी लागेल, हे वाचकांनीच मांडून पाहावे. 2011 च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या 24 लाखांवर होती. उन्हाळ्यात नाग नदीला स्वतःचे पाणी जवळपास नसतेच. जे वाहते ते आपण सोडलेले. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जीवाणू कामाला लागतात. सडक्या अंड्यांचा वास आणि काळा गाळ ही त्यांचीच खूण. बरणीत चार दिवसांत झाले ते नदीच्या तळाशी बारमाही चालू आहे.

या नदीने शहराला नाव दिले. वाडीजवळच्या लाव्हा टेकड्यांतून निघायचे, अंबाझरीत थांबायचे, सीताबर्डीच्या कुशीतून जुन्या शहराला वळसा घालत पारडी-भांडेवाडीकडे जायचे, वाटेत पिवळी नदीला सोबत घेऊन कन्हानला मिळायचे, हा तिचा मार्ग. शहरातल्या लोकांसाठी ती भांडेवाडीच्या पुढे संपते. खरे तर आपल्या घाणीचा प्रवास तिथून पुढे खरा सुरू होतो. कन्हान कुही तालुक्यात अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते आणि त्या सगळ्या पाण्याला पुढे गोसीखुर्द धरणाची भिंत अडवते.

अंभोऱ्याला जे गेले असतील त्यांना ती जागा सांगायला नको. पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ, आता तारांनी तोललेला नवा पूल. विदर्भातल्या अभ्यासकांची परंपरा सांगते की मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच रचला, शके 1110 मध्ये. मराठवाड्याचा दावा आंबेजोगाईचा आहे. तो वाद विद्वानांचा. पण ज्या काठाला आपण मराठीच्या आद्य ग्रंथाचा काठ म्हणून अभिमानाने दाखवतो, त्याच काठाला नागपूरची न्हाणी आणि संडास येऊन मिळतात, हे मला गेली काही वर्षे स्वस्थ बसू देत नाही.

गोसीखुर्दची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 रोजी झाली. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अडीच लाख हेक्टर शेतीला पाणी मिळावे म्हणून ते धरण. गावे उठली, शेते बुडाली. पाणी अडले आणि त्यासोबत गाळही अडला, कारण धरण म्हणजे नदीसाठी एक अवाढव्य बरणी. वाहते पाणी गाळ वर उचलून धरते; थांबले की तो तळाला बसतो. स्फुरद, शिसे, जस्त, कॅडमियम हे पदार्थ पाण्यात मोकळे फार कमी राहतात. चिकणमातीच्या कणांना चिकटूनच ते प्रवास करतात आणि तिच्यासोबत खाली बसतात. वरून घेतलेला नमुना त्यामुळे पुष्कळदा बरा निघतो. पण तळाचा प्राणवायू संपला की लोहाने धरून ठेवलेले स्फुरद सुटते आणि पुन्हा वर येते. त्यावर जलपर्णी पोसते. आमच्याकडे तिला इकॉर्निया म्हणतात. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती जलाशयावर हिरवी चादर अंथरते आणि पाण्याखालचा उजेड बंद करते. मासेमार ढिवर बांधवांची डोंगी त्यातून सरकत नाही, जाळे टाकायला मोकळे पाणी सापडत नाही. ज्यांनी ही घाण केली नाही, त्यांच्या चुलीवर तिचा पहिला परिणाम होतो.

नागपूरच्या उत्तरेकडे दुसरी गोष्ट. कोराडीचे 660 मेगावॅटचे तीन संच आणि खापरखेड्याचे वीजकेंद्र ज्या कोळशावर चालतात, त्याच्या शंभर किलोंमागे तीस-चाळीस किलो राख उरते. ती पाण्यात कालवून नळांनी राखेच्या तलावात सोडतात. 16 जुलै 2022 रोजी अशा एका तलावाचा, खसाळ्याच्या तलावाचा, बांध पावसात फुटला. राखेचा लोंढा खसाळा, मसाळा, कवठा भागातल्या शेतांत शिरला आणि कोलार नदीतून कन्हानकडे निघाला. कोलार कन्हानला बीना संगमाजवळ, कामठीच्या वरच्या अंगाला मिळते, आणि कन्हान हा नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार. ही राख आपल्या दाराशी परत येते ती अशी. राखेचा बारीक कण माशाच्या कल्ल्यांत अडकतो, नदीच्या तळावर सिमेंटच्या गिलाव्यासारखा बसतो आणि जिथे अंडी घालायची ती वाळूच बुजवून टाकतो. बोरॉन, सेलेनियम, आर्सेनिक ही राखेतली द्रव्ये पाण्यात हळूहळू पाझरतात. बांध फुटला की वर्तमानपत्रात बातमी येते. न फुटलेल्या तलावाच्या तळातून झिरपते त्याची बातमी कोण देणार?

कारण झिरपणे दिसत नाही. आपली काळी माती याबाबतीत विलक्षण आहे. तिच्यातली चिकणमाती धातूंचे कण घट्ट धरून ठेवते, त्यामुळे खालच्या विहिरीचे पुष्कळ रक्षण होते. पण हीच माती मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून बसते. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो आणि उन्हाळाभर वर साचलेले, मातीने गाळायच्या आधीच, सोबत नेतो. नायट्रेटला तर माती कधीच धरत नाही. युरियातले असो की शोषखड्ड्यातले, ते पाण्याबरोबर निमूट चालते. केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासण्यांत वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा या आपल्या जिल्ह्यांत ते मर्यादेबाहेर सापडले आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. नायट्रेटला रंग, वास, चव काही नाही. उकळल्याने ते कमी होत नाही. पाणी आटते आणि उरलेल्यात ते वाढतेच. तान्ह्या बाळासाठी पाणी उकळणाऱ्या आईला हे कुणीतरी सांगायला हवे.

आणि ही घाण आपल्यापर्यंत परत यायची तिसरी वाट आहे ती पोटातून. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक या तळ्यावर चिलटे फार, म्हणून 1949 पासून तीनदा डीडीडी नावाचे कीटकनाशक सोडले. मात्रा अगदी नगण्य होती, पाण्याच्या पाच कोटी भागांना फार तर एक भाग. थोड्याच काळात पाण्यात ते सापडेनासेही झाले. पण तळ्यावरचे पाणपक्षी मरू लागले. त्यांच्या चरबीत हेच विष दशलक्ष भागांत 1,600 भाग भरले, म्हणजे पाण्यातल्या मात्रेच्या ऐंशी हजार पट. शेवाळाने घेतले, ते किड्याने खाल्ले, किड्याला लहान माशाने, त्याला मोठ्या माशाने. प्रत्येक पायरीवर विष साठत गेले, कारण चरबीत मुरलेले बाहेर पडत नाही. पाराही असाच पायरीपायरीने वर चढतो. भंडारा-पवनीकडचे झिंगे नागपूरच्या बाजारात येतात आणि आपण आवडीने घेतो. झिंगा तळाशी चरतो. त्याच्या अंगात काय साठते आहे, याची नियमित तपासणी होऊन तिचे आकडे बाजारातल्या फळ्यावर लागायला हवेत, असे मला ठामपणे वाटते.

हे सगळे आपल्या शहराला कळत नाही असे नाही. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची देशाची संस्था 1958 मध्ये याच शहरात उभी राहिली. आज तिला आपण नीरी म्हणतो. भांडेवाडीला शुद्ध केलेले रोजचे 13 कोटी लिटर सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची योजना याच शहराने केली, आणि त्यामुळे तेवढे पेंच धरणाचे पाणी माणसांसाठी राखता येते. नाग नदीसाठी सुमारे 1,927 कोटींची योजना केंद्राने मंजूर केली आहे. सिअॅटलच्या वॉशिंग्टन सरोवरात पडणारे सांडपाणी 1968 पर्यंत पूर्ण वळवले, आणि दहा वर्षांच्या आत लोकांना त्या पाण्यात कित्येक हात खोलवरचे दिसू लागले. तळाचा गाळ आडवा येतो, वेळ खातो. पण वरून येणारे थांबले तर पाणी सावरते. म्हणून मला नाग नदीच्या योजनेतल्या शुद्धीकरण प्रकल्पांपेक्षा घराघराला जोडणाऱ्या मलवाहिन्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. जे पाणी प्रकल्पापर्यंत पोचतच नाही, ते कोणतेही यंत्र शुद्ध करू शकत नाही.

या अंकात अभियंते लिहीत आहेत, शेतकरी लिहीत आहेत, वैनगंगेच्या काठचे मासेमार बोलले आहेत, आणि कविता व कथा नेहमीसारख्या आहेतच.

वाचकांकडे एक मागणे आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की न्हाणीतले पाणी कुठे जाते, ते त्या आठवड्यात शोधून काढा. शोषखड्ड्यात की गटारात, गटार कोणत्या नाल्यात, नाला नाग, पिवळी की पोहरा नदीत. वस्तीचे नाव आणि नाल्याचा मार्ग एका पोस्टकार्डावर लिहून आमच्या पत्त्यावर पाठवा. आलेल्या प्रत्येक पत्रावरून आम्ही शहराचा नकाशा भरत जाऊ आणि तो पुढच्या दिवाळीच्या अंकात छापू. त्याची पहिली प्रत अंभोऱ्याच्या ग्रामपंचायतीला देऊ.